वेताळ टेकडीवरचं मुलांचं निसर्ग शिबिर: पैसे भरण्याआधी काय विचारावं

परीक्षा संपत आल्या की पुण्यात उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात. रोबोटिक्स, सुलेखन, घोडेस्वारी, आणि आता जिकडेतिकडे ‘नेचर कॅम्प’. माझी दोन्ही मुलं गेली काही वर्षं वेताळ टेकडीवरच्या एका निसर्ग शिबिराला जातात. मुक्काम नाही, सकाळी सोडायचं आणि दुपारी घरी आणायचं. मुलगी आठ वर्षांची आहे, मुलगा बारा वर्षांचा आणि त्याला लहानपणापासून दमा आहे. मी स्वतः एका मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात परिचारिका आहे, त्यामुळे असल्या ठिकाणी माझी नजर आधी प्रथमोपचाराच्या पिशवीकडे जाते आणि मग पक्ष्यांकडे. हे सगळं त्या नजरेनं पाहिलेलं आहे.

शिबिर चालवणारा गट छोटा आहे. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या दोन मैत्रिणी, एक निवृत्त शिक्षक आणि कॉलेजात शिकणारी एक-दोन मुलं. त्यांचं नाव इथे देत नाही, तशी त्यांचीच विनंती आहे. एका वेळी वीसच मुलं घेतात, जागा जुन्या पालकांच्या सांगण्यावरून भरतात आणि नाव पसरलं की ‘आमचं एक वाढवा ना’ असे फोन सुरू होतात. पण त्यांची कामाची पद्धत सविस्तर सांगते, म्हणजे तुमच्या गावातलं कुठलंही शिबिर तुम्हाला त्यावर पारखून बघता येईल.

सोमवार ते शुक्रवार, सकाळी पावणेसात ते साडेबारा. फी साडेतीन हजार रुपये. त्यात नाश्ता, एक कोरी वही, पेन्सिल आणि वापरायला भिंग. डबा घरून द्यायचा. दुसऱ्या भावंडाला सवलत नाही. अर्ध्या दिवसाचे एवढे पैसे कशाला, असं माझ्या जाऊबाई म्हणाल्या होत्या, कारण तेवढ्याच पैशांत संध्याकाळपर्यंत मुलं सांभाळणारी, एसी हॉलमधली शिबिरं मिळतात. पैसे कुठे जातात ते टेकडीवर गेलं की दिसतं. वीस मुलांमागे चार मोठी माणसं असतात. एक सगळ्यांच्या पुढे, एक सगळ्यांच्या मागे, दोघं मधे.

हा आकडा फी विचारायच्या आधी विचारा. एखाद्या मुलाचा पाय मुरगळला तर एक जण त्याला घेऊन खाली उतरतो आणि बाकीच्यांसोबत तिघं उरतात. वीस मुलांना दोनच माणसं असतील तर एक खाली गेल्यावर टेकडीवर एकोणीस मुलं आणि एक माणूस. त्यात तो माणूस कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा मुलगा असेल तर काय करेल तो? जाहिरातीत ‘अनुभवी मार्गदर्शक’ असं लिहिलेलं असतं. किती, आणि त्यातले किती जण प्रत्यक्ष मुलांबरोबर चालतात, हे खोदून विचारल्याशिवाय कळत नाही.

रोज एका पालकाला सोबत चालायची परवानगी आहे. अट एकच, मधे बोलायचं नाही आणि आपल्या मुलाला हात धरून चालवायचं नाही. जे शिबिर पालकाला येऊन बघू देतं, त्याला माझे निम्मे गुण तिथेच मिळतात. मी गेले होते त्या दिवशी जे पाहिलं ते थोडं विस्तारानं सांगते.

एप्रिलची सकाळ होती. वरच्या पठारावरचं गवत पूर्ण वाळलेलं, पायाखाली मुरूम. आम्ही खाणीच्या दिशेनं निघालो होतो. त्या खाणीत पाणी साठतं, तिथे खंड्या दिसतो, आणि मुलं सकाळपासून त्याच आशेवर होती. अचानक समोरून टिटवी उठली आणि किंचाळत आमच्या डोक्यावरून घिरट्या घालायला लागली. एक मुलगा ओरडला, ‘‘अंडी असणार! शोधू या!’’ आणि धावलाच. पुढे चालणाऱ्या ताईनं हात वर केला. तो हात म्हणजे जिथे असाल तिथे खाली बसायचं, हे मुलांना पहिल्या दिवशीच शिकवलेलं होतं. सगळी बसली. धावणाराही बसला.

ताई हळू आवाजात म्हणाली, ‘‘अंडी शोधायची नाहीत. टिटवी कुणाकडे बघून जास्त ओरडते, ते मला सांगा.’’ मग तिनं मागच्या दादाला डावीकडे चार पावलं टाकायला सांगितलं. टिटवी सरळ त्याच्या अंगावर आली, आवाज दुप्पट. तो उजवीकडे सरकला तशी ती जराशी शांत झाली. तो परत डावीकडे गेला, परत तेच. माझी मुलगी कुजबुजली, ‘‘ताई, डावीकडे आहेत.’’ अंडी कुणीच पाहिली नव्हती, तरी वीसच्या वीस मुलांना ती कुठे असणार ते कळलं होतं. मग ताईनं सांगितलं की टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर बारीक खडे जमवून त्यात मातीच्या रंगाची अंडी घालते, बहुतेकदा चार. उन्हात ती तापू नयेत म्हणून पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. आपण इथे जितका वेळ थांबू तितका वेळ ती अंडी उन्हात उघडी.

‘‘खाण कुठे जात नाही. उद्या बघू,’’ असं म्हणून ती उलटी फिरली आणि आख्खी रांग तिच्या मागे. दोन-तीन मुलं कुरकुरली, एक तर रडवेला झाला. कार्यक्रमपत्रिकेवर त्या दिवशी ‘खाण व पाणपक्षी’ असं छापलेलं होतं. ते रद्द करायला तिला अर्धं मिनिट लागलं, आणि कुणा पालकाला काय वाटेल याचा विचार तिच्या चेहऱ्यावर दिसला नाही. माझ्या दृष्टीनं फीचे पैसे त्या एका निर्णयात वसूल झाले. मुलांबरोबर रानात जाणाऱ्या माणसाला नाही म्हणता आलं पाहिजे. हे ‘नाही’ तेव्हा पक्ष्यासाठी होतं, उद्या वीज कडाडायला लागली किंवा एखादं मूल दमलं तर तेच ‘नाही’ माझ्या मुलांसाठी असेल.

याच्या उलट अनुभवही आहे. मुळशीच्या बाजूला एका रिसॉर्टवरच्या ‘निसर्ग सहली’ला माझ्या भाचरांना पाठवलं होतं. रेन डान्स, दोरीवरून घसरणं, पिंजऱ्यातले ससे, आणि शेवटी एक माणूस पोत्यातून साप काढून मुलांच्या गळ्यात घालून फोटो काढत होता. साप बिनविषारी होता असं नंतर सांगितलं गेलं. साप पकडून असे खेळ करणं वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. कायदा १९७२ सालचा आहे, नवा नाही. आणि मुलांच्या मनावर काय बिंबतं? साप दिसला की उचलायचा. आपल्याकडे घोणस आणि फुरसं दोन्ही आहेत. अजगरासारखी दिसते म्हणून घोणशीला हात लावायला गेलेले लोक मी कामावर पाहिले आहेत. जाहिरातीत मुलाच्या हातात साप, घुबड किंवा कासव दिसलं तर पुढे वाचूच नका.

आता ज्याबद्दल कुणी विचारत नाही ते. टेकडीवर स्वच्छतागृह नाही. पुण्यातल्या बहुतेक टेकड्यांवर नाही, गडांवरही फारसं नाही. मुलींना हे बरोबर कळतं आणि त्या एक उपाय स्वतःच शोधतात, पाणी पीत नाहीत. घरी येतात तेव्हा डोकं दुखतंय, मळमळतंय, दोन दिवसांनी लघवीला जळजळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत अशा मुली आमच्याकडे येतात आणि आईला वाटतं बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल.

या शिबिरानं त्यावर तीन गोष्टी केल्या आहेत. पायथ्याशी एका शाळेचे दोन वर्ग घेतले आहेत, चढायच्या आधी सगळ्यांनी तिथल्या स्वच्छतागृहात जाऊन यायचं. वर असताना गरज लागली तर मुलींबरोबर ताई आणि मुलांबरोबर दादा, तेही कायम दोन मुलांची जोडी करून. एकटं मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर आडोशाला जात नाही. आणि हे पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर, न लाजता, स्पष्ट सांगतात, त्यामुळे मुलंही विचारायला लाजत नाहीत. थांब्यावर सगळे मिळून पाणी पितात, ताई-दादासुद्धा. एकदा मला दुपारी निरोप आला, ‘तुमच्या मुलीची बाटली आज जवळजवळ भरलेली परत आली आहे, घरी पाणी द्या.’ एवढं लक्ष वीस मुलांवर ठेवायचं तर चार माणसं लागतातच.

प्रत्येक थांब्यावर मुलं स्वतःच आकडे ओरडतात, एकपासून वीसपर्यंत. आपल्या पुढचा आणि मागचा आकडा कोण आहे हे प्रत्येकाला माहीत असतं. बारा नंबर बोलला नाही तर अकरा आणि तेरा आधी आरडाओरडा करतात. फार सोपी पद्धत आहे. शाळेच्या सहलीतही हे करायला हरकत नाही.

उन्हाबद्दल. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास जातो. टेकडीची उंची समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर असली तरी पठारावर सावली कमी. ही मंडळी साडेनऊच्या आत मुलांना खाली आणतात आणि उरलेला वेळ वर्गात चित्रं, भिंगातून बिया बघणं, गोष्टी यांत जातो. कुठल्याही उन्हाळी शिबिराला विचारा, ‘दहा वाजता मुलं कुठे असतील?’ छपराखाली हे उत्तर आलं नाही तर नाव घालू नका. मूल चिडचिडं झालं, बोलण्यात गोंधळ व्हायला लागला, अंग तापलं आणि घाम थांबला तर सरबताची वाट बघायची नाही. सावलीत न्यायचं, कपडे सैल करून अंग ओलं करून वारा घालायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा. पिशवीत ओआरएसची पावडर द्या, एका लिटर पाण्यात घालायची असते ती. गोड चवीच्या छोट्या खोक्यांवर ‘ओआरएस’ छापून विकायला अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२५ मध्ये बंदी घातली, ती घातली ते फार चांगलं केलं. त्यात साखर जास्त असते आणि जुलाब होत असतील तर ती त्रास वाढवते.

माझ्या मुलाच्या दम्यामुळे मी सगळ्यात जास्त घाबरत होते. त्यांच्या फॉर्मवर नुसतं ‘काही आजार आहे का’ असं नव्हतं. दम्यापुढे खूण केली की खाली ओळ होती, ‘पंप कुठल्या खिशात असेल? स्पेसर आहे का? शेवटचा त्रास कधी झाला होता?’ स्पेसर म्हणजे पंपातलं औषध नीट ओढता यावं म्हणून लावायची नळी. तो प्रश्न वाचला आणि माझा जीव भांड्यात पडला, कारण तो ज्यानं घातला त्यानं दम्याचं मूल पाहिलेलं होतं. टेकडीच्या कडेला गाजरगवत भरपूर आहे. भारतात त्याची पहिली नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली, आणि त्याच्या परागांनी अनेकांचा दमा आणि त्वचेची खाज बळावते. दादानं माझ्या मुलाला रांगेत पुढे घेतलं, म्हणजे इतरांच्या पायांची धूळ त्याच्या नाकात जाणार नाही. स्पेसर वर नेण्याच्या पिशवीत होता, खाली शाळेत नाही. हे आवर्जून तपासा. औषधं पायथ्याशी ठेवून वर गेलेली शिबिरं मी पाहिली आहेत.

पिशवीत आणखी काय होतं: क्रेप बँडेज, मीठ-पाण्याच्या बाटल्या, चिमटा, जवळच्या रुग्णालयांचे फोन आणि साप चावल्यावर करायच्या गोष्टींचा कागद. त्यात चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही, हातपाय हलू न देता आधार बांधायचा आणि १०८ ला फोन, एवढंच लिहिलेलं, आणि तेवढंच बरोबर आहे. गाडी टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या रस्त्यावर उभी असते, चालक गाडीतच. आग्या मोहोळाच्या भीतीनं अत्तर, वासाचं तेल, परफ्यूम सगळं बंद. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट, बंद बूट, टोपी. मोज्यांत कुसळं भरतात, ती घरी बसून काढावी लागतात. त्याला इलाज नाही.

फोटोंवरून पालकांमध्ये दरवर्षी नाराजी असते. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो ते काढत नाहीत आणि ग्रुपवर टाकत नाहीत. दुपारी एक निरोप येतो, आज काय पाहिलं याचा, आणि सोबत एखाद्या पानाचा किंवा वहीतल्या चित्राचा फोटो. ‘एवढे पैसे भरले, निदान चार फोटो तरी पाठवा,’ असं एका आईनं ग्रुपवर लिहिलं होतं. मी मात्र ताईंच्या बाजूची आहे. एक तर मोबाइल हातात असलेल्या माणसाचं मुलांकडे लक्ष नसतं. दुसरं, आपल्या मुलाचा चेहरा आणि ते रोज सकाळी कुठे असतं हे अनोळखी लोकांपर्यंत जायचं कारण नाही. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी झाली आहे का, हेही विचारा. विचारताना संकोच वाटतो, पण यांनी न विचारता कागद समोर ठेवले. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं काय गुन्हा ठरतो आणि तक्रार कुठे करायची, हे त्यांच्या स्वयंसेवकांना नीट शिकवलेलं आहे.

काही गोष्टी खटकल्याही. सात ते तेरा वर्षांची मुलं एकत्र घेतात, आणि हे अंतर फार मोठं आहे. माझी मुलगी चढावर दमते तेव्हा मोठी मुलं थांबून थांबून कंटाळतात. दोन गट करा असं मी दरवर्षी सांगते. शेवटच्या तासातलं कागदकाम उरकल्यासारखं असतं. निवृत्त सरांचं ज्ञान अफाट आहे, पण गिरिपुष्पाबद्दल बोलायला लागले की वर्ग भरल्यासारखं होतं. खरं तर विषय महत्त्वाचा आहे: बाहेरून आणलेलं हे झाड आपल्या टेकड्यांवर इतकं लावलं गेलं की त्याच्या दाटीत सालई, धावडा, मोई यांना जागा उरत नाही. तेच ताईनं मुलांना दोन जागांवरचे किडे मोजायला लावून दाखवलं, तेव्हा माझी मुलगी घरी येऊन आजोबांना समजावून सांगत होती. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या किंवा चढता न येणाऱ्या मुलांसाठी इथे काहीच सोय नाही, आणि याबद्दल गटानं आता तरी काहीतरी केलं पाहिजे. एम्प्रेस गार्डनसारख्या सपाट जागी एक दिवस घेता येईल. पैसे परत मिळत नाहीत, अगदी आजारपणातही, हेही मला पटलेलं नाही.

मूल फार लाजाळू असेल, आईपासून कधी दूर राहिलं नसेल, तर आधी एखाद्या रविवारच्या मोफत फेरीला घेऊन जा. तशा फेऱ्या पुण्यात बऱ्याच गटांच्या होतात आणि पालकही सोबत चालतात. मुंबईच्या लोकांना धारावीचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान सुरुवातीला सोयीचं. मिठी नदीच्या काठी, पूर्वीच्या कचराभूमीवर उभं केलेलं हे ३७ एकरांचं उद्यान १९९४ मध्ये खुलं झालं. वाटा सपाट आहेत. थोडी मोठी मुलं असतील तर गोरेगावला फिल्मसिटीशेजारी बीएनएचएसचं, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं, केंद्र आहे. दोन्हीकडे मुलांचे कार्यक्रम होतात. वर सांगितलेले प्रश्न तिथेही विचाराच.

वेताळ टेकडीवरून रस्ता आणि बोगदे काढायचा जो वाद चालू आहे, त्याबद्दल मुलं शिबिरात विचारतात. ताई बाजू घेऊन भाषण देत नाही, नकाशा पसरते आणि रस्ता कुठून जाईल ते दाखवते. मुलगा तो नकाशा वहीत काढून घेऊन आला होता. टिटवीची जागा त्यानं लाल पेन्सिलीनं दाखवली होती.

दिवाळीच्या सुट्टीत याच गटाचं तीन दिवसांचं छोटं शिबिर असतं. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, त्याच सुमारास. तेव्हा ऊन सौम्य असतं, पण गवत कमरेएवढं, आणि गोचीड लागते, त्यामुळे घरी आल्यावर काखा, जांघा आणि कानामागे तपासा. दम्याच्या मुलांना थंड हवा आणि दिवाळीचा धूर एकदमच भोवतो. डॉक्टरांना आधी भेटून घ्या आणि पंपात किती डोस उरलेत ते बघूनच फॉर्म भरा.